पुण्यातून डायनॅमिकल सिस्टीम्सच्या संशोधनाकडे: बारावीपासून कायम नोकरीपर्यंतची वाट

एक चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. समजा ३५२४ घेतली. अंक उतरत्या क्रमानं मांडले की ५४३२, चढत्या क्रमानं मांडले की २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. हे शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी होते आणि पुढे आयुष्यभर देवळालीत शाळाशिक्षक.

डायनॅमिकल सिस्टीम्स हा विषय मुळात हाच आहे. काही अवस्था असतात, एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत नेणारा नियम असतो, आणि तो नियम वारंवार लावत गेलं की शेवटी काय होतं हा प्रश्न असतो. नियम ग्रहांच्या गतीचा असू शकतो, हवेच्या प्रवाहाचा, प्राण्यांच्या संख्येचा किंवा निव्वळ अंकांचा.

पुढे वाचण्याआधी वही काढा. दोन अंकी संख्यांवर हाच नियम लावला तर ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं चक्र मिळतं. तीन अंकी संख्या ४९५ ला येऊन थांबतात. पाच अंकी संख्यांना थांबायला जागाच नाही, त्या चक्रांमध्ये फिरत राहतात. आता प्रश्न असा: कितीही अंक घेतले तरी प्रत्येक संख्या शेवटी चक्रात (किंवा एकाच जागी) अडकलीच पाहिजे, हे एकही वजाबाकी न करता सिद्ध करता येईल का? येतं. तितक्या अंकांच्या संख्या मर्यादित आहेत, म्हणजे कधी ना कधी एखादी संख्या पुन्हा येणारच, आणि ती आली की पुढचं सगळं पुन्हा तसंच घडणार. ६१७४ या आकड्यापेक्षा हा दोन ओळींचा युक्तिवाद तुम्हाला जास्त भावला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

## घरी आधी काय सांगायचं

गणितात संशोधन करायचंय म्हटलं की घरी पहिला प्रश्न येतो, "म्हणजे पुढे क्लास काढणार का?" दुसरा प्रश्न पैशांचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची सरळ उत्तरं देता आली पाहिजेत.

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची मिळून पाच वर्षं. पीएचडीची पाच, कधी सहा. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दोन-तीन वर्षांची मुदतीची संशोधनाची नोकरी, आणि बहुतेकांना अशा एकाहून जास्त कराव्या लागतात. हिशेब केला तर कायम नोकरी तिशी ओलांडल्यावर लागते. पण पीएचडीला लागल्यापासून तुम्ही घरच्यांवर अवलंबून नसता. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. कायम नोकरीत, अनुदानित महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि आयआयटी किंवा आयसरमध्ये (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) अनुभवी सहायक प्राध्यापकाचं १,०१,५००. भत्ते त्यावर. हे आकडे आईबाबांसमोर कागदावर मांडा. फेलोशिप कधीकधी उशिरा जमा होते, हेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे दोन-तीन महिन्यांची शिल्लक हाताशी ठेवायची सवय आधीच लागेल.

## बारावीनंतर कुठे

पुण्यात राहून करायचं तर दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला पाषाणची आयसर. २००६ साली सुरू झालेल्या या संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश आयसरच्या स्वतःच्या अॅप्टिट्यूड टेस्टमधून होतो. या परीक्षेत जीवशास्त्राचेही प्रश्न असतात. अकरावीत 'बायो सोडलं' म्हणून हात झटकणाऱ्या मुलांनी हे आधीच लक्षात घ्यावं. सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकावी लागतात आणि गणिताचा खरा भर त्यानंतर येतो.

दुसरा रस्ता म्हणजे फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न, गरवारे यांसारख्या महाविद्यालयात बीएस्सी आणि नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात एमएस्सी, किंवा जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. या रस्त्याला कमी लेखणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. या रस्त्यावर वेळ हाताशी असतो, आणि तो वेळ स्वतः पुस्तक उघडून बसण्यासाठी वापरला तर पाया भक्कम होतो. मात्र विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेपुरता अभ्यास केला तर काहीच होत नाही, हेही तितकंच खरं.

पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, बंगळुरूच्या आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा) बीमॅथ आणि आयआयटी मुंबईचा गणितातला बीएस हे तीन पर्याय नक्की पाहा. पहिल्या दोघांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा असतात आणि त्यांत सिद्धता लिहाव्या लागतात. ऑलिम्पियाडची तयारी केलेल्या मुलांना तिथे फायदा होतो. पुण्यात ती तयारी करून घेणारी जुनी जागा म्हणजे लॉ कॉलेज रस्त्याजवळची भास्कराचार्य प्रतिष्ठान. प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली ती स्थापन केली.

## पदवीच्या वर्षांत काय पक्कं व्हायला हवं

डायनॅमिकल सिस्टीम्सचा कोर्स शोधत फिरू नका. तो विषय पदवीत नसला तरी चालतं. अनॅलिसिस मात्र कच्चं चालत नाही. एखादी श्रेणी अभिसारी आहे म्हणजे नेमकं काय, संहत संच कशाला म्हणतात, एकविध सातत्य कुठे लागतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. त्याच्या जोडीला रेषीय बीजगणित, विशेषतः आयगेनव्हॅल्यू आणि जॉर्डन रूप. तिसरं, साधी विकलक समीकरणं, पण 'हे समीकरण सोडवा' या पद्धतीनं नकोत. उत्तर अस्तित्वात आहे का, एकच आहे का, आणि सुरुवातीची किंमत जराशी बदलली तर ते किती बदलतं, हे तीन प्रश्न खरे. एमएस्सीत टोपॉलॉजी, मेजर थिअरी (लांबी, क्षेत्रफळ यांसारख्या मापांचा सिद्धांत), फंक्शनल अनॅलिसिस आणि कॉम्प्लेक्स अनॅलिसिस. मेजर थिअरी टाळून या विषयात कुठेही जाता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या सोन्याच्या आहेत. एमटीटीएस हे १९९३ पासून चालत आलेलं उन्हाळी शिबिर आवर्जून करा. तिथे प्रश्न विचारून विचारून तुमच्याकडूनच प्रमेय काढून घेतात, आणि पाठांतराची सवय मोडते. तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप असते, टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, उन्हाळी कार्यक्रम असतो. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा आहे. ती एसपी कॉलेजचा गणित विभाग आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात. तिचे जुने पेपर सोडवणं हीच तयारी आहे, बक्षीस मिळो न मिळो.

## चार उदाहरणं, जन्मभरासाठी

या लेखात माझं सांगणं एकच आहे, आणि ते इथे आहे. या विषयातला संशोधक त्याच्या उदाहरणांवर उभा असतो. प्रमेयं पुस्तकात सापडतात. उदाहरणं हातात बसावी लागतात. खालची चार उदाहरणं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करून एमएस्सी संपेपर्यंत पूर्ण आत्मसात करा. प्रत्येकाची वेगळी वही ठेवा.

पहिलं, वर्तुळावरचं भ्रमण. परीघ १ धरा आणि प्रत्येक पायरीला ठरावीक अंतर पुढे जा. अंतर परिमेय असेल तर काही पायऱ्यांनी मूळ जागी परत येता. अपरिमेय असेल तर कधीच परत येत नाही, आणि तुमचे थांबे वर्तुळावर सगळीकडे दाट पसरतात. हे कबुतरखान्याच्या तत्त्वानं (खणांपेक्षा कबुतरं जास्त असतील तर एका खणात दोन बसणारच) सिद्ध करा. मग पुढची पायरी: थांबे नुसते दाट नसतात, ते सगळीकडे समप्रमाणात असतात. वाइल यांचं १९१६ चं हे प्रमेय फूरिए श्रेणीनं सुटतं. ते जमलं की स्वतःला विचारा: २, ४, ८, १६, ३२… या घातांमध्ये पहिला अंक ७ जास्त वेळा येतो की ८? पहिली काही पदं लिहून पाहिलीत तर ८ पुढे दिसेल, कारण सातची पाळी बऱ्याच उशिरा येते. खरं उत्तर ७ आहे, सुमारे ५.८ टक्के, आणि ८ सुमारे ५.१ टक्के. का, हे लॉगरिदम आणि हेच भ्रमण वापरून दाखवा.

दुसरं, दुपटीचा नियम. ० आणि १ यांच्यामधली संख्या घ्या, दुप्पट करा, पूर्णांक भाग टाकून द्या. संख्या द्विमान पद्धतीत लिहिलीत तर कळेल की हा नियम फक्त दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक पुसतो. एवढ्यावरून बरंच काही निघतं: चक्रात फिरणारे बिंदू सगळीकडे दाट आहेत, एकच मार्ग सगळीकडे पोचू शकतो, आणि अगदी जवळून निघालेले दोन बिंदू झपाट्यानं दुरावतात. केऑस म्हणतात तो हाच.

आता हेच संगणकावर करून पाहा. पायथनमध्ये चार ओळींचं काम आहे. कुठलीही यादृच्छिक संख्या घेऊन नियम लावत जा. पन्नास-पंचावन्न पायऱ्यांनंतर पडद्यावर शून्य येईल आणि पुढे शून्यच राहील. कारण यंत्र प्रत्येक संख्येचे ५३ द्विमान अंक जपतं, आणि आपला नियम दर वेळी एक अंक पुसतो. पण बोरेल यांच्या १९०९ च्या प्रमेयाप्रमाणे जवळजवळ प्रत्येक सुरुवातीपासून निघणारा मार्ग सगळीकडे समप्रमाणात फिरतो. म्हणजे यंत्र जे दाखवतं ते जवळजवळ प्रत्येक बिंदूसाठी चूक आहे. केऑसची रंगीत चित्रं पाहून या विषयाकडे आलेल्या प्रत्येकानं हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करावा असं मला मनापासून वाटतं. संगणक वापरायचाच आहे. अंदाज बांधायला त्याच्यासारखं साधन नाही. पण सिद्धता का लागते हे या उदाहरणाइतकं स्वच्छ कुठेही कळत नाही.

तिसरं, लॉजिस्टिक नियम. क्ष ची पुढची किंमत म्हणजे आर गुणिले क्ष गुणिले (१ वजा क्ष). रॉबर्ट मे यांनी १९७६ साली प्राण्यांच्या संख्येच्या संदर्भात याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. आर ३ च्या पुढे गेला की एका स्थिर किमतीऐवजी दोन किमतींचं चक्र, सुमारे ३.४४९ ला चारांचं, मग आठांचं, आणि ३.५७ च्या आसपास हे दुपटीकरण संपून गुंतागुंत सुरू होते. टप्प्यांमधली अंतरं ज्या प्रमाणात आक्रसतात तो फायगेनबाउम स्थिरांक, ४.६६९. हे हातानं आणि यंत्रानं दोन्हीकडून करा. मग आर बरोबर ४ ठेवा आणि क्ष च्या जागी एखाद्या कोनाच्या साइनचा वर्ग घाला. कोन दुप्पट होतो! म्हणजे हे तिसरं उदाहरण मुळात दुसरंच आहे, फक्त वेष बदलून आलेलं. दोन प्रणाली एकच आहेत हे ओळखणं हे या विषयातलं रोजचं काम आहे.

चौथं, आर्नोल्ड यांचा कॅट मॅप. पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, १ असा मॅट्रिक्स टोरसवर, म्हणजे मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर, लावायचा. एक आयगेनव्हॅल्यू सुमारे २.६१८, दुसरी ०.३८२. एका दिशेनं ताणतो, दुसऱ्या दिशेनं आवळतो. ज्यांचे दोन्ही निर्देशांक परिमेय आहेत असे सगळे बिंदू चक्रात फिरतात हे दाखवा (कापरेकरांच्या संख्यांचाच युक्तिवाद लागतो), आणि हा नियम अर्गॉडिक आहे (जवळजवळ प्रत्येक मार्ग सगळीकडे समप्रमाणात फिरतो) हे फूरिए श्रेणीनं सिद्ध करा. अशा ताणण्या-आवळण्याच्या नियमांचा अभ्यास म्हणजे हायपरबोलिक डायनॅमिक्स. त्याचा दरवाजा इथून उघडतो.

नवं प्रमेय वाचलं की ते या चौघांवर लावून पाहायचं. कुठे खरं ठरतं, कुठली अट काढली की कुणावर मोडतं, हे वहीत लिहायचं. पुस्तकांत सुरुवातीला देवेनी किंवा स्ट्रोगॅट्झ, मग ब्रिन आणि स्टक, अर्गॉडिक थिअरीसाठी वॉल्टर्स. कॅटोक आणि हॅसलब्लाट यांचा जाडजूड ग्रंथ संदर्भासाठी असतो. तो पहिल्या पानापासून वाचायला घेऊन अनेक जण थकतात.

## परीक्षा

यावर फार लिहीत नाही, कारण माहितीपत्रकं दरवर्षी बदलतात. जॅम आणि गेट फेब्रुवारीच्या सुमारास होतात. फेलोशिप आणि सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठीची सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा असते. टीआयएफआर आणि एनबीएचएम (राष्ट्रीय उच्च गणित मंडळ) यांच्या परीक्षा वेगळ्या, आणि त्याच खरी समज तपासतात. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुणांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हा नियम २०२२ पासून आहे. तरी मेजर थिअरी नीट झाली नसेल तर घाई करू नये. सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आपापल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. पहिल्या दोघांची मुख्यालयं पुण्यातच आहेत, तेव्हा जाहिरातीतली अट समजली नाही तर समक्ष जाऊन विचारा.

मुलाखतीत मात्र चित्र वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी 'तुमचा आवडता विषय कोणता?' असं विचारून तिथूनच खोदायला सुरुवात होते. मोठं नाव सांगू नका. 'वर्तुळावरचं भ्रमण' म्हणा आणि फळ्यापाशी जा. अडलात तर 'हे मला माहीत नाही, पण एक सोपं उदाहरण घेऊन पाहतो' असं म्हणून विचार मोठ्यानं करत राहा. समितीला तेच पाहायचं असतं.

## शाखा आणि गाईड

डायनॅमिक्स हे मोठं घराणं आहे. तुम्हाला संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) आणि बीजगणित आवडत असेल तर होमोजीनिअस डायनॅमिक्स पाहा. या शाखेत भारताचं काम पहिल्या रांगेतलं आहे. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या एम. एस. रघुनाथन यांची अटकळ, एस. जी. दाणी यांचं काम, मार्गुलिस यांनी १९८७ च्या सुमारास सोडवलेला १९२९ सालचा ओपेनहाइम प्रश्न, मग रॅटनर यांची प्रमेयं, असा एक सलग धागा आहे. दाणी यांनी १९८५ साली दाखवलं की एखादी संख्या अपूर्णांकांनी किती चांगली जवळ करता येते, हे एका विशिष्ट अवकाशातला मार्ग मर्यादेत राहतो की दूर पळतो यावरून ओळखता येतं. संख्या सिद्धांताचा प्रश्न गतीच्या प्रश्नात बदलतो. या विषयातल्या सौंदर्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

कॉम्प्लेक्स अनॅलिसिस आवडलं असेल तर फातू आणि ज्युलिया यांच्यापासून सुरू झालेलं कॉम्प्लेक्स डायनॅमिक्स आहे. मोजण्या-रचण्याची आवड असेल तर सिम्बॉलिक डायनॅमिक्स, म्हणजे चिन्हांच्या माळांवरचे नियम. विकलक समीकरणं आणि निसर्गातले प्रश्न आवडत असतील तर उपयोजित बाजू, आणि त्यासाठी पुणे चांगलं आहे: पाषाणला मान्सूनवर काम करणारी आयआयटीएम आहे, विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आहे. लॉरेन्झ यांचा १९६३ चा प्रसिद्ध शोधनिबंध हवामानाच्याच प्रश्नातून आला होता. उपयोजित बाजूला सिद्धतेइतकंच प्रारूप आणि आकडेमोडीला महत्त्व असतं, म्हणून स्वभाव ओळखून निवड करा.

गाईड निवडणं हा या वाटेवरचा सगळ्यात मोठा निर्णय आहे, संस्थेच्या नावापेक्षाही मोठा. एकेका संस्थेत डायनॅमिक्सची माणसं सहसा मोजकीच असतात, म्हणून आधी माणसं शोधा, मग संस्था. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर आर्काइव्हवर (गणितज्ञ आपले पेपर छापण्याआधी जिथे खुले ठेवतात त्या संकेतस्थळावर) उघडा. सगळं समजणार नाही, पण प्रस्तावना तरी वाचून पुढचा प्रश्न पडतो का ते पाहा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांची यादी काढा: किती वर्षांत संपवलं, आता कुठे आहेत. आत्ताच्या विद्यार्थ्यांशी चहावर बोला आणि तीन गोष्टी विचारा. पहिला प्रश्न कधी आणि कसा मिळाला? दर आठवड्याला भेट होते का? लिहून दिलेलं किती दिवसांत वाचून परत मिळतं? या तीन उत्तरांत सगळं येतं. शक्य असेल तर आधी एक सत्र त्यांच्यासोबत रीडिंग कोर्स करा. न पटल्यास दोघांनाही मान राखून बाजूला होता येतं.

पहिला ई-मेल छोटा लिहा. तुम्ही कोण, काय शिकलात, त्यांच्या कुठल्या पेपरमधलं कुठलं विधान वाचलंत आणि तिथे काय अडलं. 'आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायची तीव्र इच्छा आहे' असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की तो चाळीस जणांना कळतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. आयसरमधल्या आणि विद्यापीठातल्या व्याख्यानांच्या सूचना संकेतस्थळांवर असतात. आयोजकांना विचारून जाऊन बसायला लागा. पहिल्या दहा मिनिटांनंतर काही समजलं नाही तरी बसून राहा आणि नंतर एक प्रश्न विचारा.

## पीएचडीची वर्षं

पहिलं वर्ष-दीड वर्ष कोर्सेस आणि पात्रता परीक्षा. त्यानंतर अचानक मोकळं रान, आणि तिथेच बरेच जण कोसळतात. यावर उपाय म्हणजे कामाची लय. रोज सकाळी दोन-तीन तास, फोन बाजूला, एकच प्रश्न. दर आठवड्याला गाईडला एक पान लिहून द्यायचं, 'काहीच निघालं नाही' हे असलं तरी, आणि काय काय करून पाहिलं ते त्यात नोंदवायचं.

पहिला प्रश्न गाईड देतात, सहसा त्यांच्या एखाद्या निकालातली एक अट सैल करता येते का असा. तो छोटा वाटला तरी घ्या. अट काढून वरच्या चार उदाहरणांपैकी एकावर पाहा. अनेकदा तिथेच प्रतिउदाहरण सापडतं किंवा सिद्धता कुठे अडते ते दिसतं. वर्षभर काही हलत नाही असं होतं. त्या काळात जोडीला दुसरा, हाताशी येणारा प्रश्न ठेवा आणि शिकवण्याचं काम घ्या. झोप जात असेल, जेवण तुटत असेल तर संस्थेतल्या समुपदेशकाकडे जा. त्यासाठीच ते असतात. एनसीएमच्या (नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या) कार्यशाळा, बंगळुरूच्या आयसीटीएसचे कार्यक्रम, इटलीत त्रिएस्तेच्या आयसीटीपीतली डायनॅमिकल सिस्टीम्सची शिबिरं यांना अर्ज करत राहा. तुमच्या प्रश्नावर काम करणारी जगातली पंधरा-वीस माणसं अशाच ठिकाणी भेटतात.

निकाल हाती आला की लाटेकमध्ये (गणित टंकण्याच्या संगणक प्रणालीत) लिहा आणि कुणाला तरी फळ्यावर पूर्ण समजावून सांगा. फ्रेंच गणितज्ञ प्वाँकारे यांना त्रिपिंड प्रश्नावरच्या (एकमेकांना ओढणारे तीन गोल कसे फिरतात यावरच्या) कामासाठी १८८९ साली स्वीडनच्या राजाचं पारितोषिक मिळालं. छपाईच्या वेळी फ्रॅगमेन या तरुण संपादकानं काही ठिकाणं स्पष्ट करायला सांगितली, आणि त्या पाठपुराव्यात मोठी चूक बाहेर आली. पारितोषिक २,५०० क्राउनचं होतं. छापलेला अंक मागे घेऊन पुन्हा छापायचा खर्च ३,५८५ क्राउन झाला, आणि तो प्वाँकारे यांनी भरला. दुरुस्त केलेल्या त्या निबंधातच आज आपण केऑस म्हणतो त्याची पहिली झलक आहे. तेव्हा तुमचा निबंध शंका घेत वाचणारा मित्र शोधा आणि त्याचाही तसाच वाचा.

मग आर्काइव्हवर ठेवा आणि नियतकालिकाला पाठवा. या क्षेत्रातलं मुख्य नियतकालिक म्हणजे केंब्रिजचं 'अर्गॉडिक थिअरी अँड डायनॅमिकल सिस्टीम्स', 'नॉनलिनिॲरिटी' दुसरं. निकाल यायला वर्ष लागू शकतं, म्हणून थिसिसच्या तारखेचा हिशेब उलटा मांडा. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. असा एक पेपर पुढच्या प्रत्येक निवड समितीला दिसतो. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं येतात. हे इतर विषयांच्या लोकांना माहीत नसतं, त्यामुळे महाविद्यालयाच्या मुलाखतीत 'तुमचं नाव शेवटी का?' असं विचारलं जातं. अर्जातच एक ओळ लिहून ठेवा.

## पोस्टडॉक आणि नोकरी

परदेशातल्या बहुतेक जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भरले जातात आणि नोकरी पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. म्हणजे थिसिस संपायच्या वर्षभर आधी तयारी. लागतं काय: दोन-चार पानांचं संशोधन निवेदन, शिकवण्याचं निवेदन, आणि तीन-चार शिफारसपत्रं. त्यातलं एक तरी तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाचं हवं. कार्यशाळांमध्ये ओळखी झालेल्या असतात त्या इथे उपयोगी पडतात. रिओची इम्पा, इंग्लंडमधलं वॉरिक, अमेरिकेतलं मेरीलँड ही डायनॅमिक्सची नावाजलेली ठिकाणं. भारतात एनबीएचएमची पोस्टडॉक फेलोशिप, एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, आणि संस्थांच्या स्वतःच्या जागा.

संशोधन निवेदनाचा पहिला परिच्छेद डायनॅमिक्स न येणाऱ्या गणितज्ञाला समजला पाहिजे. त्यासाठी पुन्हा उदाहरणच लागतं.

आयसर, आयआयटी, आयएसआय यांच्या जागा वर्षभर खुल्या असतात. तिथे व्याख्यान आणि मुलाखत होते. विद्यापीठ आणि महाविद्यालयात नेट किंवा सेट हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठच घेतं. ती एमएस्सीच्या वेळीच उरकून टाका. अनुदानित जागांची भरती रखडते आणि मधली वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतात, हे पुण्यातल्या कित्येक चांगल्या शिक्षकांचं वास्तव आहे. तसं करावं लागलं तर कुठल्या कॉलेजात किती तास घ्यायचे याची वरची मर्यादा स्वतः ठरवा आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस संशोधनासाठी राखून ठेवा. एखादा सहलेखक असेल तर दर पंधरा दिवसांनी ऑनलाइन भेट ठरवून टाका, कारण एकट्याचं काम आधी थांबतं.

गणित सोडून उद्योगात जायचं ठरलं तरी दार बंद नाही. प्रॉबॅबिलिटी, अर्गॉडिक थिअरी आणि संगणकावरचा हात यांच्या जोरावर बाणेर, हिंजवडी, खराडीतल्या वित्त आणि डेटाच्या कंपन्यांत कामं मिळतात. तो पर्याय उघडा ठेवायचा तर पीएचडीच्या काळात एक प्रोग्रॅमिंग भाषा नीट शिका आणि एखादा आकडेमोडीचा प्रकल्प पूर्ण करून सर्वांना पाहता येईल असा ठेवा. दुपटीच्या नियमावरचा प्रयोग, नेमकी अंकगणना वापरून पुन्हा केलेला, हा त्यासाठी चांगला पहिला प्रकल्प आहे.